लहान वसाहतींतील सांडपाणी प्रक्रिया आणि तिची पर्यावरणीय भूमिका : नागपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

नागपूर शहराला ज्या नदीवरून नाव मिळाले असे मानले जाते, ती नाग नदी शहराच्या पश्चिमेकडील उंचवट्यावर उगम पावते. अंबाझरी तलावाच्या खालून ती शहरात येते आणि सुमारे १७ किलोमीटर शहरी प्रवास करून पूर्वेकडे बाहेर पडते. पुढे पिवळी नदीसह ती कन्हानला आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. हे पाणी अखेरीस भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात साठते. शहरातील न्हाणीघरातून व शौचालयातून निघालेले पाणी अशा रीतीने दूरच्या गावांतील शेतकऱ्यांच्या व मासेमारांच्या दारी जाऊन पोहोचते. सांडपाण्याचा प्रश्न हा केवळ नगररचनेचा प्रश्न नसून तो वरच्या व खालच्या वस्त्यांमधील न्यायाचाही प्रश्न आहे, हे या भूगोलावरून स्पष्ट होते.

सांडपाण्याविषयीची चर्चा बहुधा मोठ्या केंद्रांभोवती फिरते. नागपुरात भांडेवाडी येथे अशी केंद्रे उभी आहेत. २००८ मध्ये महानगरपालिका व महानिर्मिती कंपनी यांच्यात झालेल्या करारानुसार प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रासाठी वापरण्याची योजना आखली गेली व ती पुढे कार्यान्वितही झाली. नाग नदीच्या पुनरुज्जीवनासाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली दोन हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा प्रकल्पही मंजूर झाला. तथापि मोठे केंद्र मलवाहिनी जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंतच उपयोगी पडते. शहराच्या कडेने वाढलेल्या नव्या वसाहती, तालुक्याची लहान गावे, वसतिगृहे आणि महाविद्यालयीन परिसर यांच्या बाबतीत वस्ती आधी येते व मलवाहिनी पुष्कळ नंतर येते. प्रस्तुत लेखात अशा लहान वसाहतींच्या सांडपाण्याचा विचार केला आहे.

एक हजार लोकवस्तीचे सांडपाणी

प्रश्नाचे आकारमान समजण्यासाठी एक हजार लोकवस्तीची वसाहत उदाहरणादाखल घेता येईल. मलवाहिनीची सोय असलेल्या वस्तीस दरडोई दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, असा आपल्याकडील अभियांत्रिकी संकेत आहे. त्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते. म्हणजे या वसाहतीतून दररोज १०८ घनमीटर, अर्थात १ लाख ८ हजार लिटर सांडपाणी निघेल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई ५५ लिटर हे प्रमाण ठरविले आहे. त्या हिशेबाने तेवढ्याच लोकसंख्येच्या गावातूनही दररोज सुमारे ४४ घनमीटर पाणी बाहेर पडेल. नळ घरात आला की नालीचा प्रश्न दारात येतो, हा नियमच होय. पाणी डोक्यावरून वाहून आणावे लागत होते तेव्हा ते काटकसरीने वापरले जाई व अंगणातच जिरत असे.

सांडपाण्यात ९९ टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचाच असतो. उरलेल्या अल्प भागात सेंद्रिय पदार्थ, नत्र, स्फुरद, क्षार आणि रोगजंतू असतात. सेंद्रिय पदार्थांचे प्रमाण जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीने मोजतात. पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकण्यासाठी जीवाणूंना ठरावीक काळात जितका ऑक्सिजन लागतो, ती ही मागणी होय. केंद्र शासनाच्या मार्गदर्शिकेनुसार दरडोई दररोज सुमारे २७ ग्रॅम मागणी धरली जाते. म्हणजे हजार लोकांमागे ती २७ किलोग्रॅम आणि प्रति लिटर २५० मिलिग्रॅम इतकी होते. ओढ्याच्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन प्रति लिटर ७ ते ८ मिलिग्रॅमच असतो. ही तुलना लक्षात घेतली म्हणजे एक लिटर कच्चे सांडपाणी किती तरी लिटर स्वच्छ पाण्याचा प्राण कसा शोषून घेते, याची कल्पना येते.

प्रक्रियेचे तत्त्व

सांडपाणी प्रक्रियेत मनुष्य वस्तुतः नवे काही करीत नाही. नदीत, तळ्यात आणि मातीत जे कार्य जीवाणू शतकानुशतके करीत आले आहेत, तेच मर्यादित जागेत व मर्यादित वेळेत घडवून आणणे म्हणजे प्रक्रिया. तिचे तीन टप्पे मानता येतात. पहिल्या टप्प्यात जड कण तळाशी बसतात व हलके पदार्थ वर तरंगतात. दुसऱ्या टप्प्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ जीवाणू खातात. तिसऱ्या टप्प्यात रोगजंतूंचा नाश होतो. तंत्र कोणतेही असो, दुसऱ्या टप्प्यासाठी ऑक्सिजन कोठून आणावयाचा, या प्रश्नाला दिलेल्या उत्तरावरच त्याचा खर्च व स्वभाव ठरतो. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे पुढे आलेल्या सक्रिय गाळ पद्धतीत तो यंत्राने पुरविला जातो. तळ्यामध्ये शेवाळ सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तो पुरविते. पाणथळ वाफ्यांत हवेशी येणारा संपर्क आणि वनस्पतींची मुळे तो पुरवितात.

नागपूरची संशोधन परंपरा

या विषयात नागपूरचे स्थान विशेष आहे. १९५८ मध्ये येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले. ‘नीरी’ या संक्षिप्त नावाने ती आज सर्वपरिचित आहे. आरंभीच्या काळात संस्थेपुढील प्रश्न स्पष्ट होता. पाश्चात्त्य देशांतील यंत्राधिष्ठित पद्धती येथील लहान गावांना परवडणाऱ्या नव्हत्या. उलट येथे ऊन भरपूर व जमीन तुलनेने स्वस्त होती. म्हणून संस्थेतील संशोधकांनी स्थिरीकरण तळ्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. सोली आर्सीवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय परिस्थितीतील तळ्यांचे संकल्पन, बांधणी व चालन यांवर सिद्ध केलेला ग्रंथ संस्थेने १९७० मध्ये प्रकाशित केला.

त्याच विचाराची पुढील पायरी म्हणजे नीरीने विकसित केलेली ‘फायटोरिड’ ही पेटंटप्राप्त पद्धती होय. वनस्पतींच्या मुळांचा उपयोग करण्याच्या या विचाराला जर्मनीतील केटे झाइडेल यांनी १९५० च्या दशकात प्रायोगिक पाया घातला होता. फायटोरिडमध्ये प्रथम घन पदार्थ बसविले जातात. नंतर पाणी गिट्टीने भरलेल्या व वनस्पती लावलेल्या वाफ्यांतून पृष्ठभागाच्या खालून वाहते. पाणी उघड्यावर येत नसल्याने डास व दुर्गंधी यांचा उपद्रव टळतो. पाणकणीस, कर्दळ, अळू यांसारख्या परिचित वनस्पती या वाफ्यांत वाढू शकतात. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरासह अनेक ठिकाणी ही पद्धती वापरली गेली आहे.

लहान वसाहतीपुढील पर्याय

सर्वांत सोपा पर्याय शोषखड्ड्याचा आहे. स्नानाचे व भांड्यांचे पाणी प्रत्येक घराच्या आवारातच जिरविल्यास रस्त्यावर नाली लागत नाही व डबकी साचत नाहीत. मराठवाड्यातील नांदेड जिल्ह्यात अनेक गावांनी हा उपाय मोठ्या प्रमाणावर केला. परंतु तो सर्वत्र सारखाच यशस्वी होईल, असे समजणे धोक्याचे ठरेल. नागपूरच्या पश्चिम भागात बेसॉल्ट खडकावर काळी कापसाची माती आहे. ती ओली झाली की फुगते व तिच्यातून पाणी अत्यंत मंद गतीने जिरते. पावसाळ्यात अशा मातीतील खड्डा काही दिवसांतच भरून वाहू लागतो. मुरूम लागेपर्यंत खोदाई केली तर पाणी जिरते, पण त्या थरातून ते जवळच्या विहिरीत उतरण्याची शक्यताही वाढते. म्हणून खड्डा खोदण्यापूर्वी पाणी जिरण्याची चाचणी घेणे आणि विहिरीपासून पुरेसे अंतर राखणे अनिवार्य आहे. शौचालयाचे पाणी अशा खड्ड्यात थेट सोडू नये.

दुसरा व सर्वाधिक प्रचलित पर्याय सेप्टिक टँकचा आहे. नव्या वसाहतींतील बहुसंख्य घरे याच टाकीवर अवलंबून असतात आणि टाकी आहे म्हणजे प्रक्रिया झाली, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात टाकी ही प्रक्रियेची केवळ पहिली पायरी आहे. तिच्यात सेंद्रिय भाराचा साधारणतः ३० ते ५० टक्के भागच कमी होतो. रोगजंतू तर मोठ्या संख्येने तसेच बाहेर पडतात. टाकीतून निघणारे पाणी शोषचरात किंवा वाफ्यात जाणे अपेक्षित असते. ते पावसाळी नालीत सोडले जाते, तेव्हा घराचा प्रश्न फक्त नाल्याच्या काठापर्यंत सरकतो.

तिसरा पर्याय स्थिरीकरण तळ्याचा आहे. नागपूर साधारणतः २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. या अक्षांशावर मध्यम खोलीच्या तळ्यास दर हेक्टरी दररोज सुमारे २४० किलोग्रॅम भार देता येतो, असे संकल्पनाचे प्रमाण आहे. त्यानुसार हजार लोकांच्या २७ किलोग्रॅम भारासाठी मुख्य तळ्याचे क्षेत्र सुमारे १,१०० चौरस मीटर लागेल. रोगजंतूंच्या नाशासाठी पुढे उथळ तळी लागतात, ती वेगळी. तळ्यास वीज लागत नाही आणि रोगजंतू व जंतांची अंडी कमी करण्यात ते साध्या पद्धतींमध्ये अतिशय प्रभावी ठरते. जागा, काठावरचे गवत आणि उन्हाळ्यातील बाष्पीभवन या त्याच्या मर्यादा आहेत.

चौथा पर्याय पाणथळ वाफ्यांचा असून आधी सेप्टिक टँक व नंतर वाफे अशी त्याची रचना असते. उष्ण हवामानात दरडोई साधारणतः एक ते दोन चौरस मीटर जागा त्यास पुरते. पाचवा पर्याय यांत्रिक संयंत्राचा आहे. जागा अत्यंत कमी असेल तेथे तो योग्य ठरतो. मात्र त्यात हवा पुरविणारे यंत्र अखंड चालावे लागते. दीर्घकाळ वीज गेली किंवा यंत्र बिघडले की टाकीतील जीवाणू ऑक्सिजनअभावी निष्क्रिय होतात आणि संयंत्राचे रूपांतर दुर्गंधीयुक्त टाकीत होते. निवासी संकुलांतील अनेक लहान संयंत्रे वीजबिल वाचविण्यासाठी बंद ठेवली जातात, हे वास्तव पर्याय निवडताना नजरेआड करता येत नाही.

आठ पट पाण्याचा विसरलेला आधार

येथे एका मूलभूत मुद्द्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. प्रक्रियेनंतरचे पाणी किती स्वच्छ असावे, याची मानके बहुतेक देशांत थेट वा अप्रत्यक्षपणे ब्रिटनच्या राजकीय आयोगाच्या १९१२ च्या अहवालापर्यंत मागे जातात. त्या आयोगाने प्रति लिटर २० मिलिग्रॅम ऑक्सिजन मागणी व ३० मिलिग्रॅम तरंगते घन पदार्थ ही मर्यादा सुचविली होती. या मर्यादेमागे एक अट होती. सोडलेल्या पाण्याच्या किमान आठ पट स्वच्छ पाणी नदीत वाहत असावे, असे त्यात गृहीत धरले होते. इंग्लंडमध्ये बारमाही पाऊस असल्याने ही अट अवाजवी नव्हती.

भारत सरकारच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी २० व इतर भागांसाठी ३० मिलिग्रॅम अशी ऑक्सिजन मागणीची मर्यादा ठेवण्यात आली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मोठ्या शहरांसाठी त्याहून कडक मर्यादांचा आदेश दिला. आकडे असे बदलत राहिले, तरी विरळ करणाऱ्या पाण्याचा आधार चर्चेतून निसटला. विदर्भातील नाले व लहान नद्या पावसाळ्याचे चार महिने वाहतात. मार्च ते जून या काळात त्यांच्या पात्रात नैसर्गिक प्रवाह जवळपास नसतो. जे वाहताना दिसते ते सांडपाणीच असते. आठ पट तर दूरच, बरोबरीचे स्वच्छ पाणीही तेथे मिळत नाही. अशा नाल्यात प्रति लिटर ३० मिलिग्रॅम मागणीचे पाणी सोडले, तर कागदावर मानक पाळले जाते आणि नाला मात्र मृतवतच राहतो. नत्र व स्फुरद पाण्यात उरलेच असल्याने पुढील जलाशयात जलपर्णी व शेवाळ माजते.

यावरून लहान वसाहतीच्या प्रक्रियेचे खरे उद्दिष्ट निराळे असल्याचे ध्यानात येते. हंगामी नद्यांच्या प्रदेशात प्रक्रिया केलेले पाणी कोरड्या दिवसांत नाल्यात न सोडता जमिनीकडे वळविणे, हेच तिचे प्रधान कार्य ठरते. मोठ्या केंद्रास हे अवघड जाते. त्याच्या पाण्याचे प्रमाण अफाट असते व शेतजमीन दूर असते. त्यामुळे वीज केंद्रासारखा एकच मोठा ग्राहक त्यास शोधावा लागतो. लहान वसाहतीच्या पाण्यास मात्र शेजारचे शेत, झाडांची रांग किंवा क्रीडांगण पुरेसे होते.

पाणी आणि खत यांचा हिशेब

उदाहरणातील वसाहतीचे १०८ घनमीटर पाणी एक हेक्टर क्षेत्रावर पसरले, तर दररोज सुमारे ११ मिलिमीटर सिंचन होईल. नागपूरच्या तीव्र उन्हाळ्यातही एक हेक्टर चाऱ्याचे पीक त्यावर सहज तग धरेल. हे पाणी नळयोजनेच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याची जागा घेते, हा त्याचा प्रत्यक्ष लाभ होय.

खताचा हिशेब अधिक उद्बोधक आहे. मार्गदर्शिकेनुसार दरडोई दररोज ५.४ ग्रॅम नत्र सांडपाण्यात येते. हजार लोकांमागे वर्षाला ते जवळपास दोन टन भरते. युरियामध्ये ४६ टक्के नत्र असते, हे धरल्यास ४५ किलोच्या सुमारे ९५ पिशव्यांइतके हे नत्र होईल. प्रक्रियेत त्यातील काही भाग हवेत निघून जातो, तरी उरलेला भाग दुर्लक्षणीय नाही. मात्र याच आकड्यात धोक्याची सूचनाही आहे. दोन टन नत्र एका हेक्टरला झेपणार नाही. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची स्वीकार्य मर्यादा प्रति लिटर ४५ मिलिग्रॅम इतकीच आहे. म्हणून पाणी एकाच वाफ्यात सतत न सोडता आळीपाळीने मोठ्या क्षेत्रावर फिरविणे आणि पावसाळ्यासाठी साठवणीची अगर सुरक्षित विसर्गाची सोय ठेवणे आवश्यक आहे.

आरोग्याची काळजीही तितकीच महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या सिंचनासाठी प्रति १०० मिलिलिटर १,००० विष्ठाजन्य जीवाणू आणि प्रति लिटर एकाहून अधिक जंताचे अंडे नसावे, अशी मर्यादा सुचविली होती. २००६ च्या सुधारित मार्गदर्शनात पीक, सिंचनाची रीत व शेतमजुरांचे संरक्षण अशा अनेक अडथळ्यांचा एकत्रित विचार आला. व्यवहारात याचा अर्थ असा की, लहान वसाहतीच्या पाण्यावर चारा, बांबू, फुलझाडे व वनीकरण यांना अग्रक्रम द्यावा आणि मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांसारख्या भाज्या टाळाव्यात.

देखभालीचा प्रश्न

लहान केंद्रे बहुधा तंत्राच्या दोषामुळे नव्हे, तर देखभालीच्या अभावी बंद पडतात. ज्यास ‘देखभाल लागत नाही’ असे म्हटले जाते, त्या पद्धतींनाही ठरावीक कामे लागतातच. जाळीवरचा कचरा रोज काढावा लागतो. सेप्टिक टँकमधील गाळ दोन ते तीन वर्षांनी उपसावा लागतो. वाफ्यांतील वनस्पती वेळोवेळी कापून बाहेर न्याव्या लागतात. त्या तेथेच कुजल्या तर त्यांनी घेतलेले नत्र व स्फुरद पुन्हा पाण्यात उतरते. गाळ वाफ्यात शिरला की गिट्टीतील पोकळ्या बुजतात, पाणी पृष्ठभागावर येते आणि पद्धतीचा मूळ लाभच नष्ट होतो. तळ्याच्या काठावरील गवत काढले नाही तर डासांना आश्रय मिळतो.

गाळ उपसण्याच्या कामास आणखी एक बाजू आहे. टाकीत साचलेल्या विषारी वायूने सफाई कामगारांचे मृत्यू देशात वारंवार घडले आहेत. २०१३ च्या अधिनियमाने मलवाहिनी व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसांकडून करून घेण्यास मनाई केली आहे. ज्या वसाहतीस यंत्राने गाळ काढण्याची व तो सुरक्षितपणे रिता करण्याची सोय करता येत नाही, तिची प्रक्रिया पर्यावरणदृष्ट्या कितीही चांगली असली तरी अपुरीच म्हणावी लागेल.

देखभालीस माणूस लागतो व माणसास जिव्हाळा लागतो. पुणे जिल्ह्यातील देहू येथे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी १९६० च्या आसपास स्वच्छतेचे कार्य आरंभले व शौचालयास बायोगॅस संयंत्र जोडण्याचा पाठपुरावा आयुष्यभर केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. तंत्र साधे असून चालत नाही, ते वापरणाऱ्याला त्याचा लाभ दिसावा लागतो, हा त्यांच्या कार्यातून मिळणारा धडा आहे. घरातील चूल पेटते तेव्हा संयंत्राकडे लक्ष राहते. त्याचप्रमाणे चारा मिळतो, झाडे जगतात, टँकरचा खर्च वाचतो, तेव्हाच लहान केंद्राची निगा राखली जाते.

समारोप

लहान वसाहतीतील प्रक्रिया ही मोठ्या केंद्राची लघुप्रतिकृती नव्हे. तिचे बलस्थान तिच्या लहानपणातच आहे. पाणी जेथे निघते तेथेच शुद्ध होऊन शेजारच्या मातीत जाऊ शकते आणि लांबच्या मलवाहिनीची वाट पाहावी लागत नाही. नागपूर परिसराचा विचार करता काळ्या मातीच्या भागात शोषखड्ड्यांवर भिस्त न ठेवता सेप्टिक टँकपुढे वाफ्यांची जोड देणे, जागा असेल तेथे तळी करणे, कोरड्या महिन्यांत पाणी जमिनीकडे वळविणे आणि देखभालीचा माणूस व पैसा बांधकामाच्या आधीच निश्चित करणे, हा क्रम योग्य ठरतो. २०२०-२१ पासूनच्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ग्रामीण सांडपाणी व्यवस्थापनाचा समावेश झाल्याने ग्रामपंचायतींना त्यासाठी आधारही उपलब्ध झाला आहे.

महाविद्यालये या बाबतीत विशेष स्थितीत आहेत. वसतिगृह, उपाहारगृह व प्रयोगशाळा असलेला परिसर ही स्वतःच एक लहान वसाहत असते. तेथे जमीन असते, पाण्याची गरज असते आणि परीक्षण करू शकणारे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र यांचे विभागही असतात. प्रयोगशाळेतील रसायने वेगळी ठेवून उर्वरित सांडपाण्यावर परिसरातच प्रक्रिया केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याची नियमित नोंद ठेवली, तर विद्यार्थ्यांना जिवंत प्रयोगशाळा लाभेल व भोवतालच्या गावांना डोळ्यांनी पाहता येईल असे उदाहरण मिळेल. गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचणारे पाणी कसे असावे, याचा निर्णय भांडेवाडीइतकाच या लहान परिसरांतही होत असतो.